किलिमांजारो: आठ दिवस, हळूहळू

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. किलिमांजारोच्या लेमोशो वाटेवर जिथे पहिलं पाऊल टाकतो, ती जागाच २१०० मीटरच्या वर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक मागे टाकून मगच हा ट्रेक सुरू होतो, आणि जायचं असतं ५८९५ मीटरपर्यंत. वाटेत दोर लावावा लागत नाही, अवघड कातळारोहण नाही, त्यामुळे सह्याद्रीत घडलेल्या माणसाला हा डोंगर सोपा वाटतो. मलाही वाटला होता. पहिल्या वेळी माचामे वाटेने सहा दिवसांचा बेत केला, रोज सगळ्यांच्या पुढे चाललो, आणि शेवटच्या रात्री ५३०० मीटरच्या आसपास डोकेदुखी आणि उलट्यांनी हैराण झाल्यावर गाइडने मला खाली वळवलं. त्याने योग्यच केलं. दोन वर्षांनी आठ दिवस हाताशी ठेवून गेलो आणि माथ्यावर पोचलो. पायांची तयारी दोन्ही वेळा सारखीच होती. वाढले होते ते दोन दिवस, आणि कमी झाला होता तो चालण्याचा वेग.

कोणती वाट, किती दिवस

किलिमांजारो टांझानियाच्या उत्तरेला, केनियाच्या सीमेला लागून आहे. विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. हा एकच डोंगर नव्हे, तीन ज्वालामुखी एकमेकांना चिकटून उभे आहेत: शिरा, मावेन्झी आणि किबो. शिरा झिजून त्याचं पठार झालंय. मावेन्झी (५१४९ मीटर) सुळक्यांचा आहे आणि तिथे खरं प्रस्तरारोहण लागतं. आपण जातो ते किबोवर, त्याच्या विवराच्या कडेवरच्या सर्वोच्च ठिकाणी. त्याचं नाव उहुरू. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मन वसाहतीच्या काळात हे टोक कैसरच्या नावाने ओळखलं जायचं. १९६१ साली देश स्वतंत्र झाल्यावर आजचं नाव मिळालं.

वर जाणाऱ्या मुख्य वाटा अशा. मारांगू सर्वांत जुनी, आणि मुक्कामाला लाकडी झोपड्या असलेली एकमेव. चढ सौम्य, पण बहुतेक जण ती पाच दिवसांत उरकतात आणि तिथेच फसतात. माचामे देखणी आहे, तिच्यावर गर्दीही खूप. रोंगाई उत्तरेकडून येते आणि तिकडे पाऊस कमी. उंब्वे उभी चढते. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. लेमोशो पश्चिमेकडून येते, शिराचं अख्खं पठार ओलांडते आणि पुढे माचामेला मिळते.

माझं मत स्पष्ट आहे: लेमोशो, आठ दिवस. रजा कमी पडत असेल तर माचामे, पण सात दिवसांखाली नको. पाच-सहा दिवसांच्या सहली स्वस्त पडतात, कारण राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारलं जातं. ती बचत शेवटच्या रात्री महागात पडते.

हंगाम दोन: जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, आणि जून ते ऑक्टोबर. मधले मार्चअखेर ते मे हे मोठ्या पावसाचे महिने, स्थानिक भाषेत मसिका. नोव्हेंबरात छोटा पाऊस असतो, तो वुली. तारखा ठरवताना पंचांगही उघडा. शिखराची चढाई मध्यरात्री असते. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर बर्फावर आणि राखेवर इतका उजेड असतो की हेडटॉर्च विझवून चालता येतं. कोजागिरी हंगामातच येते, थंडीची तयारी असेल तर ती साधावी.

कंपनी निवडताना पोर्टरकडे बघा

परवानाधारक गाइडशिवाय या डोंगरावर जाता येत नाही. त्यामुळे आपली सॅक, आपला तंबू, आपला स्टोव्ह असा सह्याद्रीतला बेत इथे चालत नाही. स्थानिक कंपनीमार्फतच जावं लागतं. कंपन्या मोशी आणि अरुशा या दोन गावांत आहेत.

दर ऐकताना एक साधा हिशेब करा. गेल्या काही वर्षांचे दर धरले तर आठ दिवसांचा उद्यानप्रवेश, तंबू लावायचं शुल्क, बचाव शुल्क आणि त्यावरचा कर मिळून माणशी हजार डॉलरच्या वर जातात. मग दीड हजारात सगळं करून देतो म्हणणारा कुठे हात आखडता घेणार? अन्नात, तंबूत, आणि सर्वांत आधी पोर्टरच्या मजुरीत. एका ट्रेकरमागे तीन-चार माणसं राबतात: गाइड, स्वयंपाकी, पाणी आणि तंबू वाहणारे. पोर्टरच्या डोक्यावर जास्तीत जास्त २० किलो असा नियम आहे आणि उद्यानाच्या दरवाजावर वजनही होतं. तरी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट या संस्थेशी जोडलेली कंपनी निवडा. ही संस्था मजुरी, जेवण आणि झोपायची जागा यांवर लक्ष ठेवते. कंपनीला सरळ विचारा: पोर्टरना रोज काय देता, दिवसातून किती वेळा जेवण मिळतं, ते कुठे झोपतात? उत्तर द्यायला ती घुटमळली तर दुसरी बघा.

बक्षिसीचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा. पोर्टरला पूर्ण गटाकडून मिळून दिवसाला आठ-दहा डॉलर, स्वयंपाक्याला त्याहून थोडे अधिक, मुख्य गाइडला वीस-पंचवीस, असा साधारण प्रघात आहे. नोटा कोऱ्या आणि नव्या छपाईच्या न्या. फाटक्या, शाईने लिहिलेल्या किंवा फार जुन्या डॉलरच्या नोटा तिथे कोणी घेत नाही.

तयारी: सिंहगड काय शिकवतो, काय नाही

चार महिने हाताशी असू द्या. आठवड्यात तीन दिवस चालणं किंवा जिने, आणि शनिवार-रविवारी डोंगर. पुण्याचे असाल तर सिंहगड, मुंबईचे असाल तर कर्जत-कसाऱ्याकडचं काहीही. सलग दोन दिवस चालणं महत्त्वाचं, कारण तिथे थकलेल्या पायांनीच रोज उठायचं असतं. राजगड-तोरणा दोन दिवसांत, सात-आठ किलोची सॅक घेऊन, ही उत्तम परीक्षा. हिवाळ्यात एकदा कळसूबाई रात्री चढा: मध्यरात्री उठणं, अर्धवट झोपेत बूट चढवणं, टॉर्चच्या वर्तुळात चालणं याची सवय शरीरापेक्षा मनाला लागते.

उताराकडे सगळे दुर्लक्ष करतात. शिखराच्या दिवशी ५८९५ वरून सुमारे ३१०० मीटरपर्यंत उतरायचं असतं, म्हणजे एका दिवसात जवळपास २८०० मीटर. सिंहगड चार-साडेचार वेळा सलग उतरल्यासारखं. मांड्यांचा व्यायाम करा आणि दोन ट्रेकिंग पोल वापरायला घरूनच शिका.

सिंहगड शिकवू शकत नाही ती गोष्ट म्हणजे विरळ हवा. रोज गड चढणारा पंचविशीतला धावपटू ४५०० मीटरवर आडवा होतो आणि साठीची काकू हळूहळू शिखर गाठते, हे तिथे दर हंगामात दिसतं. वेळ आणि पैसा असेल तर अरुशाजवळचा माउंट मेरू (४५६६ मीटर) आधी करा. तीन-चार दिवसांचा सुंदर ट्रेक आहे. रानम्हशी असल्यामुळे सोबत बंदूकधारी रेंजर असतो, आणि शरीर उंचीला सरावूनच किलिमांजारोला येतं.

कागद, लस, विमा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ऑनलाइन अर्ज करता येतो. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस घ्या, कारण तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरलं जातं. ही लस सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि अपॉइंटमेंटला वेळ लागतो, त्यामुळे तिकीट काढल्या काढल्या हे काम करा. आपल्यापैकी बहुतेक जण नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जातात, आणि तिथे मुक्काम लांबला तर हे पिवळं कार्ड टांझानियात उतरताना आणि भारतात परतताना विचारलं जाऊ शकतं. डोंगरावर मलेरिया नाही, पायथ्याच्या गावांत आहे; गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या अनेक पॉलिसी ठरावीक उंचीनंतरचा ट्रेक वगळतात. ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, दोन्ही लेखी असायला हवं.

सामान

पोर्टरकडे जाणारी डफल बॅग १५ किलोच्या आत ठेवा, आणि स्वतःच्या पाठीवर सहा-सात किलोची सॅक. बूट नवे नकोत; किमान दोन-तीन गडांवर घालून मुरलेले, घोटा धरणारे हवेत. विमानात ते पायातच घाला. डफल उशिरा आली तर बाकी सगळं मोशीत भाड्याने मिळतं, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत.

शिखराच्या रात्री तापमान उणे १० ते उणे २० पर्यंत जातं, वर वारा. अंगावर थर असे हवेत: थर्मल, फ्लीस, पिसांचं जाड जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. पायात थर्मल, ट्रेक पँट, वर वॉटरप्रूफ पँट. हातमोजे दोन, आतले पातळ आणि बाहेरचे जाड. कानटोपी आपली घरचीच बरी. उणे १० ला टिकणारी स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, चांगला गॉगल, ओठांनाही लावायचं सनस्क्रीन, पोंचू, गेटर (बुटात खडे जाऊ नयेत म्हणून घोट्यावर चढवायचं आवरण). लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवा; रात्री दोनला उणे तापमानात तंबूबाहेर जावं लागू नये यासाठी स्त्री-पुरुष दोघांनीही ती बाळगावी. उंचीवर पाळीची तारीख पुढे-मागे होते, त्यामुळे त्याचं सामान असू द्या.

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि एकदा वापरायच्या पाण्याच्या बाटल्या उद्यानात नेता येत नाहीत. प्रत्येक कपडा पिशवीत बांधायची आपली पावसाळी सवय कापडी किंवा वॉटरप्रूफ ड्राय बॅगवर वळवा.

खाण्याचं थोडं घरचं न्याच. स्वयंपाकी उत्तम असतात: सकाळी लापशी, रात्री गरम सूप, भात, भाज्या, मक्याची उगाली, दुपारी चहासोबत पॉपकॉर्न. चार हजार मीटरनंतर मात्र भूकच मरते, आणि तेव्हा ओळखीची चव कामाला येते. मी मेतकूट नेलं होतं. तिसऱ्या दिवसापासून भातावर तेवढंच खाऊ शकलो. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, लिंबाचं लोणचं, आलेपाक हे सगळं वजनाला हलकं. शाकाहारी असाल तर 'सिली न्यामा वाला समाकी', मांस-मासे खात नाही, एवढं वाक्य पाठ करा, आणि कंपनीला आधी लेखी कळवा. चाय आणि चपाती मागायला मात्र काही शिकावं लागत नाही. हिंदी महासागरातल्या व्यापाराने ते शब्द कधीच तिकडे नेले आहेत. गाडीलाही ते 'गारी' म्हणतात.

उंची: इथे घाई करू नका

शिखरावरच्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब, समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्मा मिळतो, म्हणून शरीर भराभर श्वास घेतं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू उलट श्वास आवरायला सांगतो. या ओढाताणीतून वाट मूत्रपिंडं काढतात: लघवीतून बायकार्बोनेट बाहेर टाकून. या कामाला काही दिवस लागतात आणि त्याला पळवाट नाही. म्हणून भरपूर पाणी, म्हणून रात्री सारखी लघवी, आणि म्हणून जास्तीचे दोन दिवस.

डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांचं हेच काम लवकर सुरू करते. ती वेदना झाकत नाही. घ्यायची की नाही, किती घ्यायची हे डॉक्टरांशी ठरवा, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आवर्जून सांगा, आणि घरी असताना दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, ते अपेक्षित आहे.

रात्री तंबूत शेजाऱ्याचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग तो एकदम खोल श्वास घेतो. पहिल्यांदा ऐकताना घाबरायला होतं. उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी बदलते. एवढ्यावरून धोका समजू नका.

हलकी डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे बहुतेकांना होतं. तेवढ्यावर थांबा, पाणी प्या, वर चढू नका. खालच्या लक्षणांना मात्र वाट बघायची नसते:
- सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड किंवा सुन्नपणा: मेंदूला सूज येत असू शकते.
- बसल्या जागी धाप, ओला खोकला, फेस, ओठ निळसर: फुप्फुसात पाणी.

दोन्हींवर उपाय एकच, ताबडतोब खाली. रात्र असली तरी, शिखर तासावर असलं तरी. गाइडपासून काहीही लपवू नका. 'मी ठीक आहे' हे आपलं ट्रेकमधलं आवडतं वाक्य या डोंगरावर धोक्याचं आहे. पहिल्या वेळी मीही दिवसभर तेच म्हणत राहिलो होतो.

दिवसागणिक

पहिला दिवस लोंडोरोसी दरवाजावर नोंदणी, मग गाडीने वाटेच्या तोंडाशी, आणि दाट जंगलातून तीनेक तास चालून म्टी म्कुब्वा, म्हणजे मोठं झाड, या मुक्कामावर. लांब पांढऱ्या झालरीची काळी कोलोबस माकडं इथे दिसतात. पायथ्याला चागा लोकांच्या केळी-कॉफीच्या बागा आहेत. त्या उतरताना नीट बघायला मिळतात.

दुसऱ्या दिवशी जंगल संपतं आणि संध्याकाळी शिरा १ (सुमारे ३५०० मीटर) येतं. तिसरा दिवस शिरा २ पर्यंत, साधारण ३८५० मीटर. हे पठार आपल्या सड्यांची आठवण करून देतं, पण आवाका वेगळाच. हा दिवस छोटा आहे आणि त्याचा छोटेपणा जपा. दुपारी गाइड तासभर वर फिरवून आणतो. कंटाळा आला तरी जा.

'पोले पोले', हळू हळू, हे शब्द तुम्ही दिवसातून शंभरदा ऐकाल. त्याचं माप असं: नाकाने श्वास घेत, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तोंड उघडावं लागलं की वेग जास्त. गाइडच्या मागेच चाला. वयस्कर गाइडला सकाळी 'शिकामू' म्हणा. थोरांना करायचा तो आदराचा नमस्कार आहे, आणि 'माराहाबा' असं उत्तर येतं.

चौथा दिवस उंचीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. शिरा २ वरून लावा टॉवर नावाच्या कातळापाशी, सुमारे ४६०० मीटरवर, जायचं, तिथे जेवायचं, आणि झोपायला बारांकोला (सुमारे ३९५०) उतरायचं. दिवसा वर, रात्री खाली. शरीराला यातून उंचीची ओळख होते. लावा टॉवरला बहुतेकांचं डोकं ठणकतं आणि उतरताना कमी होतं. बारांकोच्या दरीत सेनेसिओची झाडं उभी आहेत: माणसाहून उंच, वाळक्या पानांचा जाड कोट पांघरलेली, ही जात इथलीच.

पाचव्या दिवशी सकाळी बारांकोची भिंत. खालून धडकी भरते, प्रत्यक्षात तो आपला मध्यम रॉकपॅच आहे: हात लावावे लागतात, दोर नाही. पोल सॅकला बांधा. डोक्यावर सामान घेऊन पोर्टर इथून चढतात, त्यांना डोंगराच्या बाजूला सरून वाट द्या. पुढे कारांगा. बाराफू या शिखराखालच्या छावणीच्या आधीचं शेवटचं पाणी इथेच. वरच्या छावणीत जे पाणी प्याल ते कोणीतरी इथून डोक्यावर वाहून नेलेलं असतं. सात दिवसांच्या माचामे बेतातही कारांगाचा मुक्काम असतो, सहा दिवसांच्या बेतात तो गाळतात. मी पहिल्या वेळी गाळला होता.

सहाव्या दिवशी तीन-चार तासांत बाराफू, सुमारे ४६५० मीटर. बाराफू म्हणजे बर्फ. दुपारी एकपर्यंत पोचून जेवा, सॅक लावून ठेवा, पाचला पुन्हा जेवा आणि पडून राहा. झोप लागली नाही तरी चालतं.

शिखराची रात्र

रात्री अकराला चहा-बिस्किटं, बाराच्या सुमाराला निघायचं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जॅकेट घालून चालायला लागलात तर घाम येईल आणि तोच घाम नंतर गोठेल. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या तासात गोठते, म्हणून बाटल्या न्या, जाड मोज्यात घालून, उलट्या ठेवून. बर्फ वरून धरतो, बुच तोंडापाशी मोकळं राहतं. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगालगत आतल्या खिशात.

वाट म्हणजे राखेचा आणि बारीक दगडांचा घसारा, नागमोडी, जवळपास ११०० मीटर. वर बघू नका. वरच्या टॉर्च ताऱ्यांएवढ्या उंच दिसतात आणि धीर सुटतो. पुढच्या माणसाच्या टाचा बघा. पाऊल टाका, मागचा पाय सरळ करून क्षणभर त्याच्यावर भार द्या, मग दुसरं पाऊल. प्रत्येक पावलाला एक पूर्ण श्वास. थांबा, पण पाच मिनिटांहून जास्त नाही, आणि बसू नका. दर थांब्याला दोन घोट पाणी आणि खजूर, इच्छा नसली तरी.

तीन ते पाच हा काळ सर्वांत कठीण. थंडी टोकाला, शरीर झोपेला आलेलं. त्या वेळी मी मनात रामरक्षा म्हणत होतो, श्लोकामागे चार पावलं. तुम्हाला जे पाठ असेल ते म्हणा, लय महत्त्वाची. सहाच्या सुमाराला मावेन्झीच्या मागून क्षितिज तांबडं होतं आणि थोड्याच वेळात स्टेला पॉइंट येतो, ५७५६ मीटर, विवराची कडा. इथे पुष्कळ जण रडतात.

इथून उहुरू साधारण तासाभराची सोपी, लांबट वाट. डावीकडे हिमनदीच्या भिंती. १९१२ पासून इथलं ८० टक्क्यांहून जास्त हिम नाहीसं झालंय. जे उरलंय ते थांबून बघा. पाटीपाशी फोटोची रांग असेल. दहा-पंधरा मिनिटांत खाली वळा, कारण तुम्ही अजून दिवसाच्या मध्यावरही नाही.

उतरणं

स्टेलापासून बाराफू दोन-तीन तास, त्याच घसाऱ्यावरून टाच रोवत. गेटर नसेल तर बूट खड्यांनी भरतात. अपघात इथे होतात, थकव्याने. बाराफूला तासभर झोप, जेवण, आणि पुन्हा उतरून म्वेका छावणी. गुडघ्याला पट्टा लावत असाल तर आधीच लावा. आठव्या दिवशी सकाळी चिखलातून तीन-चार तासांत म्वेका दरवाजा, साधारण १६४० मीटर: पुन्हा कळसूबाईची उंची, आणि फुप्फुसं भरून येणारी जाड हवा.

बक्षिसी म्वेकाच्या छावणीत किंवा दरवाजावर, सगळ्या चमूसमोर, प्रत्येकाची रक्कम मोठ्याने सांगून द्या. म्हणजे ती मधल्या हातात अडकत नाही. चांगल्या स्थितीतले हातमोजे, जॅकेट द्यायचं असेल तर थेट पोर्टरच्या हाती द्या.

घरी परतल्यावर मलेरियाच्या गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की टांझानियाला जाऊन आलोय.